कृपया बंद करू नका

विल्यांदीत नोव्हेंबरात चारच्या आत अंधारतं.
दुकानाच्या काचेवर बर्फाची बुरशी,
आत सात निळे पडदे, आणि सातांवर
टिंबांचं तेच रिंगण,
एकमेकांना शिवायला धावणारं, कधीच न शिवणारं.
मी इथे एकोणीस वर्षं आहे.
लोक जुनं घेऊन येतात, नवं घेऊन जातात,
यंत्र तेच असतं.

माइमू, वय अठ्ठ्याहत्तर, हातमोजे न काढताच म्हणाली,
अक्षरं मोठी झाली रे!
एवढ्यासाठी मी दोन वर्षं
'नंतर आठवण करून द्या' दाबत बसले?
मला रायच्या पावाचा अर्धा तुकडा दिला.
तिच्यापुरती कहाणी सुफळ संपूर्ण.

हेल्दुर आला तो बुटांच्या बर्फासकट.
चर्चच्या ऑर्गनसाठी लिहिलेल्या त्याच्या तीस-एक रचना
ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत तो उघडेना.
सुसंगत नाही, असं म्हणतो.
कोण, कोणाशी? हेल्दुरने विचारलं.
मला सांगता येईना.
फाइली आहेत, नावं आहेत, तारखा आहेत,
वजनसुद्धा लिहिलंय प्रत्येकीचं,
फक्त वाजत नाहीत.
माळ्यावर एक जुनं यंत्र आहे, बघतो, म्हटलं.
तोवर तो माझ्या टेबलावर
चार बोटांनी काहीतरी आठवत होता.

लाकूड-गिरणीचा एंडेल फोनवरूनच ओरडला,
हाताच्या अंतरावर बसलाय प्रिंटर,
दिवा लुकलुकतोय, आणि हा म्हणतो सापडत नाही!
बोट दाखवू का मी याला?
दाखवलंही असेल त्याने.
काखेतला कळसा यंत्रालाही दिसत नाही
हे ऐकून मला, खरं सांगतो, जरा बरं वाटलं.

लीवीच्या लॅपटॉपला तर परीक्षेलाच बसू दिलं नाही.
अपात्र. प्रोसेसर म्हातारा.
लीवी गुरांची डॉक्टर. तिने झाकण उचललं,
घोड्याचा ओठ उचलून दात बघावेत तसं.
धाप नाही, ताप नाही, ती म्हणाली,
धडधाकट जनावराला मी सुई टोचत नाही.
आणि कोटाखाली धरून घेऊन गेली.

माझं विचाराल तर तक्रार नाही. वेग आहे.
फक्त कोपऱ्यातलं ते बटण मध्यावर सरकलंय,
आणि हात अजून
घर बदललेल्या मांजरासारखा
जुन्याच दाराशी जाऊन बसतो.

दुकान बंद करताना हिल्या आली.
तिला नकोच होतं हे, पण बँकेने सांगितलं,
जुन्यावर आता भरवसा नाही.
कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.
चौसष्ट टक्के. चौसष्ट टक्के.
मग तीनदा काळोख, तीनदा उजेड,
आणि पडद्यावर:
नमस्कार, एइनार.
सगळं तुम्ही ठेवलं होतं तिथेच आहे.

एइनारला जाऊन दुसरा हिवाळा.

नाव बदलून देऊ? मी म्हटलं. दोन मिनिटांचं काम.
तिथेच? तिने विचारलं.
फाइली, मी म्हटलं. फाइलींबद्दल म्हणतंय ते.
कळतं मला, ती म्हणाली,
आणि माझ्या हातून माउस घेतला.
एक फोल्डर, त्यात एक, त्यात 'मधमाश्या',
चष्मा नाकावर खाली ओढून तिने मोठ्याने वाचलं:
पेटी सहा. राणी बदलली.
माश्या अजून राजी नाहीत, घोंगावतायत.
बघू. वसंतात कळेल.

वसंतात काय कळलं ते
पुढच्या ओळीत नव्हतं.
पुढच्या ओळीत साखरेचा भाव होता.

हे छापून दे, हिल्या म्हणाली.
प्रिंटर सापडत नव्हता.
मी पेन्सिलीने उतरवून दिलं,
साखरेच्या भावासकट.